चिऱ्याच्या घरात आतून रंग काढायचा आहे: सामान काय, किती आणि कधी आणायचं?

माडाखाली

देवगड तालुक्यात, खाडीपासून अर्ध्या किलोमीटरवर चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) कौलारू घर आहे. आतून सिमेंटचा गिलावा, वीसेक वर्षांचा. माजघराला आणि दोन खोल्यांना डिस्टेंपर, स्वयंपाकघराला चुना. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींचे खालून तीन फुटांपर्यंत पापुद्रे सुटलेत, खाली पांढरी भुकटी आहे. असा पट्टा एकूण चाळीस फूट लांबीचा भरेल. एका खोलीच्या कोपऱ्यात काळी बुरशी.

मापं फुटांत देतो. माजघर १५ × १२, तीन दारं, एक खिडकी. दोन खोल्या, प्रत्येकी १२ × १०, एक दार, दोन खिडक्या. स्वयंपाकघर १० × १०, दोन दारं, एक लहान खिडकी ४ × ३. बाकी खिडक्या ४ × ४, दारं ३ × ७. भिंतींची उंची सगळीकडे १०. मधल्या भिंती कौलांपर्यंत चढत नाहीत, त्यामुळे घराच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतीही आतून दिसतात: पायथा २२, मध्ये उंची ६.

दुकानातून मिळालेली यादी अशी: पुट्टी (भिंत गुळगुळीत करायची) ४० किलोच्या ५ गोणी, प्रायमर (रंगाआधीचा हात) २० लिटर, इमल्शन (पाण्यात मिसळायचा वरचा रंग) ४० लिटर, आतून मारायचं डॅम्पप्रूफ १० लिटर, पॉलिश पेपर 'लागेल तसा'. रंग घरचेच मारणार आहोत. यादी बरोबर आहे का, काय राहिलंय, आणि गणपतीला सात आठवडे आहेत, तेवढ्यात उरकेल का?


चिरेबंदी

आकडे नंतर बघू, आधी क्रम. हे सगळं एका खेपेत आणू नका. भिंत खरवडल्याशिवाय पुट्टी किती लागेल ते कळत नाही, आणि पावसाळ्यात घरात पडलेली पुट्टीची गोणी कडेकडेने दगड होत जाते. तीन खेपा धरा. पहिल्या खेपेत खरवडायचं आणि तपासायचं सामान, दुसरीत पुट्टी-प्रायमर, तिसरीत रंग. पहिल्या खेपेला खर्च थोडा असतो, पण पुढची यादी तिच्यावरच ठरते.

पहिल्या खेपेत: खरवडायचे पत्रे दोन इंची दोन आणि चार इंची दोन. तारेचा ब्रश एक, काथ्याचा ब्रश एक. पॉलिश पेपर ८० नंबर, दहा कागद. स्पंज दोन, बादल्या दोन. जाड प्लास्टिक (साधं नव्हे, २०० मायक्रॉनच्या आसपासचं) जमिनीवर अंथरायला. मास्किंग टेप एक इंची चार गुंडाळ्या. धुळीसाठी एन-९५ मास्क माणशी दोन, डोळ्यांवर चष्मा, रबरी हातमोजे. घोडे (फळी टेकवायचे स्टँड) दोन आणि वर टाकायला दीड इंची जाड फळी. त्रिकोणी भिंतींसाठी शिडीवर भरवसा ठेवू नका. सोळा फूट उंचीवर एका हातात डबा आणि दुसऱ्यात ब्रश घेऊन शिडीवर उभं राहता येत नाही. बांबूची परांची बांधून घ्या.

खरवडायच्या आधी वरून सुरुवात: वासे, रिपा, कौलांच्या फटी झाडून घ्या. कोळीष्टकं आणि कौलाचा भुगा ओल्या रंगावर पडला की तो दाणा कायमचा राहतो. स्विचबोर्डाच्या आसपास ओलं फडकं लावायचं असेल तर मेन स्विच बंद.

मग दोन परीक्षा. पहिली हाताची: कोरडा तळवा भिंतीवर घासा. पांढरं हाताला लागलं तर ते डिस्टेंपर किंवा चुना पूर्ण निघाला पाहिजे. त्याच्यावर पुट्टी लावली तर पुट्टी भिंतीला चिकटत नाही, त्या भुकटीला चिकटते, आणि पहिल्या पावसाळ्यात पोळीसारखी सुटते. एरवी डिस्टेंपर ओल्या स्पंजने भिजवून खरवडतात, पण सध्याच्या हवेत भिंतीला आणखी पाणी पाजू नका. कोरडंच खरवडा आणि शेवटी पिळलेल्या फडक्याने पुसा.

दुसरी परीक्षा ओलीची. १८ इंच × १८ इंच प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही कडांनी टेप लावून हवाबंद चिकटवा. २४ तासांनी काढा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील किंवा तेवढी भिंत काळपट दिसत असेल, तर ओल भिंतीत आहे. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा, भिंतीचा दोष नाही. आपल्याकडे हा फरक बघितला नाही तर प्रत्येक भिंत ओलीच वाटेल. प्रत्येक भिंतीवर दोन तुकडे लावा, एक जमिनीपासून फुटावर आणि एक छातीच्या उंचीवर.


मोजपट्टी

मापं व्यवस्थित दिलीत, त्यामुळे हिशेब सोपा आहे.

माजघर: घेर ५४, गुणिले १० म्हणजे ५४०. तीन दारांचे ६३ आणि खिडकीचे १६ वजा, उरले ४६१ चौरस फूट. खोल्या: घेर ४४, म्हणजे ४४०. दार २१, खिडक्या ३२ वजा, ३८७. दोन्ही मिळून ७७४. त्रिकोणी भिंती: २२ × ६ भागिले २, एकेक ६६, दोन्ही १३२. एकूण १,३६७. स्वयंपाकघर वेगळं: ४०० वजा ५४, म्हणजे ३४६.

आता १,३६७ मधून ओलीचा पट्टा काढा, ४० × ३ म्हणजे १२०. तिथे पुट्टीही नको आणि इमल्शनही नको. का ते इतर लोक सांगतीलच. राहिले सुमारे १,२५०.

पुट्टी: त्रिकोणी भिंतींना लावू नका. एवढ्या उंचावर गुळगुळीतपणा कुणाला दिसत नाही. १,२५० मधून १३२ गेले, १,१२० धरा. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोन हातांत (थरांत) किलोला साधारण १० चौरस फूट भागते. म्हणजे ११२ किलो. पाच गोणी नव्हे, तीन. गिलावा फार खडबडीत निघाला तर किलोला सात-आठच फूट पडतील, तेव्हा चौथी आणा. गोणीवरचा आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो हे लक्षात ठेवा.

प्रायमर: लिटरला १०० चौरस फूट, एक हात. साडेबारा लिटर. १० चा एक आणि ४ चा एक डबा. वीस लिटर कशाला?

इमल्शन: पुट्टी-प्रायमर झालेल्या भिंतीवर दोन हात धरून लिटरला ५५ चौरस फूट. २२.७ लिटर. म्हणजे २० चा एक, ४ चा एक. चाळीस लिटर हा आकडा बहुधा जमिनीच्या क्षेत्रफळाला साडेतीनने गुणून, वर कौलाखाली छत धरून आलेला दिसतो. छत नाहीच आहे.

एक बारीक गोष्ट: मशीनवर रंग मिसळून घेताना बेसचा (रंगद्रव्य घालण्याआधीच्या मूळ रंगाचा) डबा कधी कधी २० ऐवजी १८ लिटरचा आणि ४ ऐवजी ३.६ लिटरचा असतो, कारण वर रंगद्रव्याला जागा ठेवलेली असते. डब्यावरचा आकडा वाचूनच बेरीज करा.

पॉलिश पेपर 'लागेल तसा' म्हणजे दोन चकरा. कागदाला ४०–४५ चौरस फूट धरा: १२० नंबरचे २५ पहिल्या हातानंतर, १८० किंवा २२० नंबरचे २५ शेवटच्या हातानंतर.


खारी_हवा

डॅम्पप्रूफचा १० लिटरचा डबा यादीतून काढा. तीन फुटांचा तो पट्टा छपरातून आलेल्या पाण्याचा नाही, तो खालून चढलेल्या ओलीचा आहे. चिरा सच्छिद्र दगड आहे, स्पंजासारखं पाणी ओढतो. जुन्या जोत्यात ओल अडवणारा थर बहुतेक वेळा नसतोच. हे पाणी गिलाव्यातले क्षार घेऊन वर येतं, पृष्ठभागावर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. तीच तुमची पांढरी भुकटी, लोणा. खाडीच्या किंवा समुद्राच्या रेतीत गिलावा झाला असेल तर मीठ आधीपासूनच आत आहे.

आतून हवाबंद थर मारला की पाण्याची वाट बंद होत नाही, वाट बदलते. आज तीन फुटांवर आहे ते दोन वर्षांत साडेचार फुटांवर दिसेल, किंवा क्षार थराच्या मागे साठून थर फुगवून टाकतील.

मग करायचं काय? बाहेर जाऊन बघा. बहुतेक घरांत दरवर्षी अंगणाला माती टाकून टाकून अंगण जोत्याच्या वर चढलेलं असतं. भिंतीलगत दीड-दोन फूट रुंदीत माती उतरवून जोतं उघडं करा. पागोळ्यांचं पाणी जिथे पडतं तिथे गोटे भरलेली चर काढा, नाहीतर शिंतोडे भिंतीच्या पायाशीच उडतात. पश्चिमेला झड लागत असेल तर पावसाळाभर माडाच्या झावळ्यांची झापं बांधा किंवा पत्र्याची पडवी काढा. हे सामानाच्या यादीत कुणी लिहीत नाही, पण रंगापेक्षा आधी लागतं.

आतला पट्टा: भुकटी कोरड्या काथ्याच्या ब्रशने झाडा, सुपलीत भरून घराबाहेर टाका. धुऊ नका. धुतलं की क्षार विरघळून परत भिंतीत जातात. गिलावा टकटक केल्यावर पोकळ वाजत असेल तर ओलीच्या रेषेच्या वर आणखी एक फूट धरून तो फोडून काढा आणि चिरा उघडाच ठेवा, दिवाळीपर्यंत सुकू द्या. नवीन गिलावा नंतर. तिथे शेवटचा हात चुन्याचा. चुन्याच्या थरातून भिंतीला श्वास घेता येतो, आणि दोन वर्षांनी खराब झाला तरी पुन्हा एक हात मारणं कठीण नाही.

गोडं पाणी वापरा हे वेगळं सांगायला हवं. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्यात पुट्टी कालवली तर लोणा तुम्हीच भिंतीला लावताय.


माडाखाली

धन्यवाद. डिस्टेंपर हाताला लागतं, म्हणजे सगळं खरवडावं लागणार. प्लास्टिकचे तुकडे लावले होते: पश्चिमेच्या खोलीत दोन्ही तुकड्यांना आतून थेंब, दुसऱ्या खोलीत खालच्याला आतून, वरच्याला बाहेरून. माजघराची मागची भिंत, जिच्यापुढे गणपती बसतो, तिथे दोन्ही कोरडे. ती भिंत १५ फूट लांब आहे, तिच्यात दार-खिडकी नाही. दरवर्षी तिच्यावर चित्रं काढतात. निदान ती तरी चतुर्थीआधी होईल का?

आणि स्वयंपाकघरात गॅस आहे, पण पावसाळ्यात पाणी तापवायला चूलही पेटते. काजळी बरीच आहे. दुकानात सांगतात तिथेही धुता येणारं इमल्शन मारा.


पागोळी

आधी भिंत सुकूक व्हयी, मगे रंग. पश्चिमेच्या खोलीला यंदा हात लावू नका.


चिरेबंदी

गणपतीची भिंत होईल. आतली भिंत आहे, झड लागत नाही आणि कोरडी आहे. बाकी सगळं तुळशीच्या लग्नानंतर. डिसेंबरात पुन्हा प्लास्टिक लावून बघा. थेंब नाहीत असं दिसलं की सुरू करा आणि मार्चअखेर संपवा. एप्रिल-मेच्या उन्हात उलटी अडचण येते: पुट्टी सिमेंटची असते, तिला घट्ट व्हायला पाणी लागतं, आणि तापलेली भिंत ते पाणी आधीच शोषते. मग बोट फिरवलं तरी पीठ निघतं. तेव्हा लावायच्या आधी भिंतीवर पाणी शिंपडून ओलसर करावी लागते.

या एका भिंतीचं सामान: १५ × १०, म्हणजे १५० चौरस फूट. पुट्टी २० किलोची एक गोणी. प्रायमर एक लिटरचे दोन डबे. इमल्शन ४ लिटरचा एक, पांढरा, मॅट. चित्रं काढायची म्हणून मॅटच घ्या, चकचकीत पृष्ठभागावर पाण्याचा रंग धरत नाही. पांढरा अशासाठी की, उरलेल्या भिंतींसाठी डिसेंबरात आणलेल्या रंगाची छटा आज आणलेल्या रंगाशी नक्की जुळेल याची खात्री नसते.

कामाचे दिवस: पहिला दिवस खरवडणं आणि १२० नंबरने घासणं. तोरणांचे आणि दिव्यांच्या माळांचे खिळे याच दिवशी ठोका, रंगानंतर ठोकले की पुट्टीचे टवके उडतात. दुसऱ्या दिवशी पुट्टीचा पहिला हात, तिसऱ्या दिवशी दुसरा. चौथा, पाचवा नुसता सुकायला. सहाव्या दिवशी घासणं आणि पुसणं, सातव्या दिवशी प्रायमर, आठवा आणि नववा रंगाचे दोन हात. मग निदान आठवडाभर भिंतीला कुणी टेकू नका. डब्यावर दोन हातांमध्ये चार तास लिहिलेलं असतं, ते कोरड्या हवेचं गणित. श्रावणात रात्र जाऊ द्या.

पुट्टी कालवताना पाणी आधी, पावडर नंतर. १० किलोला साडेतीन ते चार लिटर पाणी. कालवून दहा मिनिटं ठेवा, परत फिरवा. दोन-अडीच तासांत संपेल एवढीच कालवा, घट्ट झालेल्या पुट्टीत वरून पाणी घालून ती परत वापरू नका. एका हाताची जाडी दीड मिलिमीटरच्या वर नको. खड्डे आधी वेगळे भरा, नाहीतर जाड ठिकाणी केसासारख्या चिरा पडतात.

गोणी घेताना उत्पादनाची तारीख वाचा आणि कोपरे दाबून बघा. खडा लागला तर दुसरी मागा. घरी जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवून वर प्लास्टिक टाका.


खारी_हवा

वरच्यात एक भर. पावसाळी हवेत ताज्या इमल्शनवर कधी कधी तपकिरी, चिकट ओघळ दिसतात. लोक घाबरून डबा परत करायला जातात. रंग हळू सुकला की त्यातली साबणासारखी द्रव्यं पृष्ठभागावर येतात, त्याचे ते डाग. रंग पक्का सुकला की ओल्या फडक्याने हलके पुसा, निघतात. भिंत सुकावी म्हणून खोलीत कोळशाची शेगडी मात्र पेटवू नका. बंद खोलीत विषारी वायू साठतो. दारं उघडी आणि पंखा चालू, एवढं पुरे. बाहेर धो धो कोसळत असेल तर खिडक्या बंद.


गिलावा_घासणारा

हत्यारांबद्दल कुणीच सविस्तर लिहिलं नाही.

पुट्टीचे पत्रे सहा इंची आणि दहा इंची, दोन्ही स्टेनलेस. साधे लोखंडी स्वस्त पडतात, पण खाऱ्या हवेत एका रात्रीत गंज धरतात आणि सकाळी पुट्टीत तांबूस रेघ उठते. ती पांढऱ्या रंगातूनही वर येते. कोणताही पत्रा काम संपल्यावर धुऊन, पुसून, कोरडा करून ठेवा. तेल लावू नका, तेलकट पत्र्याची पुट्टी भिंतीला धरत नाही.

ब्रश: चार इंची एक, दोन इंची दोन, एक इंची एक. दोन इंचीने कोपरे आणि दाराच्या कडा कापायच्या. नवा ब्रश तळहातावर झटका, सुटे केस आधीच गाळून घ्या. ओल्या रंगातून केस उचलत बसणं हे जगातलं सर्वांत कंटाळवाणं काम आहे.

रोलर नऊ इंची, लव १० ते १२ मिलिमीटर, एक सांगाडा आणि दोन बाह्या (त्यावर चढवायची लवदार कव्हरं). एक चार इंची, दारामागे आणि खांबांजवळ. स्पंजचा रोलर घेऊ नका, त्याने रंगात बुडबुडे धरतात आणि सुकल्यावर टाचणीएवढी भोकं राहतात. खडबडीत त्रिकोणी भिंतींना पुट्टी नसल्यामुळे लांब लवेची, १८ मिलिमीटरची एक बाही वेगळी. लांब दांडा विकत घ्यायची गरज नाही, चिव्याची (बारीक बांबूची) सरळ काठी तासून खोबणीत बसवा.

गाळायला जुन्या सुती साडीचा तुकडा. पाणी मोजायला लिटरचं माप, अंदाजाने ओतायचं नाही. इमल्शनमध्ये पाणी किती ते डब्यावर लिहिलेलं असतं आणि कंपनीगणिक बदलतं. पहिल्या हाताला जास्त आणि दुसऱ्याला कमी असं केलंत तर दोन्ही हातांना मापून करा. पातळ रंग भिंत झाकत नाही, मग तिसरा हात लागतो आणि वाचवलेला रंग तिथेच जातो.

मोठ्या कामाला सगळे डबे एका पिंपात ओतून एकजीव करा. एकाच क्रमांकाच्या छटेचे दोन डबे शेजारी-शेजारी मारले तर फरक कळतो, आणि तो नेमका खिडकीच्या उजेडात कळतो.

मास्किंग टेप शेवटचा हात अर्धवट सुकल्यावर, त्याच दिवशी, भिंतीशी कोन करून हळू ओढा. दोन दिवस राहिली की दमट हवेत तिचा गोंद भिंतीला बसतो आणि रंगाची पट्टी घेऊनच निघते.


मोजपट्टी

बुरशीचं राहिलं. तिच्यावर कोरडा पेपर घासू नका, बीजाणू खोलीभर उडतात. घरात वापरतो ते ४–५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच एक भाग, पाणी तीन भाग. स्पंजने लावा, पंधरा मिनिटं ठेवा, ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्या, सुकू द्या. हातमोजे आणि चष्मा घालून, खिडक्या उघड्या ठेवून. संडास धुवायच्या ॲसिडबरोबर किंवा अमोनियाच्या कुठल्याही क्लीनरबरोबर ते कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

आणि दारं-खिडक्या घासणार असाल तर तेही. २०१७ च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित केलं आहे. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. वीस वर्षांची दारं कोरडी घासू नका, वॉटरपेपर पाण्यात बुडवून घासा, चिखल फडक्याने टिपून टाका, मुलांना त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवा.


पागोळी

स्वयंपाकघराबद्दल माझं मत दुकानाच्या उलट. चूल पेटतेय तोवर चुनाच. इमल्शन मारायचं तर जुने चुन्याचे सगळे थर गिलाव्यापर्यंत खरवडावे लागतील, कारण चुन्यावर इमल्शन टिकत नाही. त्यात काजळीतलं डांबरी तेल पाण्याच्या प्रायमरमधून पिवळं होऊन वर येतं, म्हणजे ऑइल प्रायमर आला, टर्पेंटाईन आलं, आणि कित्येक दिवस वास. एवढं करून पुढच्या आषाढात काळं.

चुन्याला काजळी काथ्याच्या ब्रशने झाडायची, तेलकट ठिकाणी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसायची आणि हात मारायचा. चुना अल्कधर्मी, त्यामुळे त्याच्यावर बुरशीही सहज येत नाही.


गिलावा_घासणारा

चुलीला सहमत. पण गॅसच्या ओट्यामागे चार फुटांचा भाग तेलाच्या शिंतोड्यांचा असतो, तिथे चुना धुता येत नाही. तेवढ्यापुरतं खरवडून लादी लावा. पूर्ण भिंतीला इमल्शन नको हे खरं.


माडाखाली

ठरलं, स्वयंपाकघराला चुना, ओट्यामागे लादी. चुना किती आणि कसा भिजवायचा? आणि डिसेंबरसाठी उरलेली खरेदी नेमकी किती, कणकवलीला एकच खेप करता येईल?


मोजपट्टी

गणपतीची भिंत वजा केली की १,२५० चे १,१०० राहतात. इमल्शन बरोबर २० लिटर, वर एक लिटरचा एक डबा डागडुजीला. मिसळून घेताना तो लिटरही त्याच वेळी, त्याच बेसमधून घ्या. बेस १८ लिटरचा निघाला तर जोडीला ३.६ चा लागेल. प्रायमर ११ लिटर, म्हणजे १० आणि १. पुट्टी १,१२० मधून १५० वजा, ९७० भागिले १०, ९७ किलो: ४० च्या दोन आणि २० ची एक. पुट्टी-प्रायमर एका खेपेत, रंग मात्र पुट्टी घासून झाल्यावरच. मशीनवर मिसळलेला रंग दुकान परत घेत नाही, आणि पांढऱ्या पुट्टीच्या उजेडात निवडलेली छटा बदलावीशी वाटते हे ठरलेलं.


पागोळी

चुना: स्वयंपाकघर ३४६ आणि ओलीचा पट्टा १२०, मिळून ४६६ चौरस फूट, तीन हात. सहा किलो कळीचा (न विरवलेला) चुना पुरेल, भिंत फारच प्यायली तर आठ. किलोला पाच लिटर पाणी. लोखंडी पिंप किंवा मातीची कुंडी घ्या, प्लास्टिकची बादली नको. कळी पाण्यात पडली की उकळते, बादली वाकते. पाणी आधी, कळी थोडी थोडी, तोंड लांब ठेवून, चष्मा घालून. पोरांना आणि कोंबड्यांना लांब ठेवा. २४ तास भिजू द्या, मग कापडातून गाळा. गाळलेल्या लिटरला ४ ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून मिसळा, म्हणजे हाताला लागत नाही. पांढरा खुलावा म्हणून किलो चुन्याला फार तर ३ ग्रॅम नीळ, जास्त झाली की भिंत निळसर दिसते.

हात पातळ मारा. पहिला हात मारताना भिंत काहीच बदलली नाही असं वाटतं, चुना सुकल्यावर पांढरा होतो. 'दिसत नाही' म्हणून दाट केलात तर पापुद्रे सुटणार. स्वयंपाकघराचे पहिले दोन हात आडवे-उभे, तिसरा उभा. पट्ट्यावर मारायच्या आधी भिंत किंचित ओलसर करा, आणि जिथे इमल्शनची हद्द सुरू होते तिथे एक सरळ रेघ आखून घ्या. चुना इमल्शनवर चढला तर तिथून सुटेल.


खारी_हवा

रेघ आखताना ओलीच्या वरच्या खुणेपेक्षा सहा इंच वर आखा, पुढच्या पावसात ती थोडी वर सरकू शकते. सगळ्या खोल्यांना एकाच उंचीवर नेली की ती मुद्दाम काढलेली पट्टी वाटते. गेरू मिसळलेला चुना मारलात तर जुन्या घराला शोभूनही दिसेल.


माडाखाली

शेवटचं. गणपतीच्या भिंतीच्या ४ लिटरमधला एक-सव्वा लिटर उरेल. डिसेंबरपर्यंत टिकेल?


गिलावा_घासणारा

पत्र्याच्या डब्यात नाही. झाकणाच्या खोबणीला गंज धरतो आणि उघडताना तो रंगात पडतो. काम संपेल त्याच दिवशी गाळून प्लास्टिकच्या बरणीत काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका, पाणी मिसळलेला रंग मात्र साठवू नका, तो आंबतो. बरणीवर छटा, तारीख आणि कोणती भिंत ते लिहा. ठेवायला फडताळ, चुलीजवळ नको. डिसेंबरात उघडल्यावर घाण वास आला किंवा ढवळून गुठळ्या विरघळल्या नाहीत तर फेका. बरा असेल तर माळांच्या खिळ्यांची भोकं बुजवायला तोच वापरा.